पर्जन्यछायेतले अंदाज : शिरूर-दौंडचा पाऊस कोणी, कसा सांगितला

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाणी ओतून ढग इथवर पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसे काही उरलेले नसते. वर्षाची सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही बेभरवशाची. जूनमध्ये एखाददुसरा चांगला पाऊस होतो, जुलै-ऑगस्टात वारा आणि भुरभुर असते, खरा जोर सप्टेंबरात. पिकांची वाटणीही त्याच धाटणीने झाली आहे. हलक्या रानात मृगावर बाजरी, मूग, मटकी, हुलगा. भारी काळ्या रानात पावसाळा सरता सरता ज्वारी.

या दोन हंगामांच्या आधी येतो तो वळीव. वैशाखात दुपारपर्यंत अंग भाजणारे ऊन, चारच्या सुमारास पूर्वेला ढग, मग वावटळ, विजा, कधी गारा आणि अर्ध्या तासात सगळे शांत. एका शिवारात नांगरटीत पाणी साचते आणि ओढ्यापलीकडे धूळही बसत नाही. या पावसाबद्दल गावाचे एकमत कधीच नव्हते. जिराईत रानवाल्याला तो हवा असतो, कारण तापलेली ढेकळे फुटतात, कुळवणी सोपी होते, जनावरांना चार दिवस हिरवे मिळते. यवत-केडगाव पट्ट्यातल्या गुऱ्हाळवाल्याला मात्र तो नको असतो. चरकातून निघालेले उसाचे चिपाड अंगणभर वाळत घातलेले असते आणि तेच चुलवाणाचे जळण. ते एकदा भिजले की काहील पेटत नाही आणि गुऱ्हाळ बंद ठेवावे लागते. शिरूरच्या कांदेवाल्याचे दुखणे आणखी मोठे. काढून शेतातच पातीखाली झाकलेला कांदा एका सरीत भिजला की बराखीत टिकत नाही, पडेल त्या भावाने विकावा लागतो. ‘यंदा वळीव चांगला’ या वाक्याचा अर्थ म्हणूनच ऐकणाऱ्याच्या धंद्यावर ठरतो.

अंदाज सांगण्याचे काम शतकानुशतके ग्रामजोशाकडे होते. पाडव्याला मंदिरात किंवा चावडीवर पंचांग उघडायचे, नव्या संवत्सराचे फल वाचायचे, राजा कोण, मेघांचा अधिपती कोण, पाऊस कुणाच्या घरी उतरला आहे ते सांगायचे. माळ्याच्या घरचा पाऊस चांगला आणि वाण्याच्या घरचा हातचा राखून, हे गणित ऐकणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नसे. त्याहून नेमका हिशेब वाहनांचा. सूर्य रोहिणी, मृग, आर्द्रा अशा एकेका नक्षत्रात शिरतो तेव्हा त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकीवरून वाहन काढायचे. एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, काहीच न उरल्यास हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे भरपूर पाणी. मोर, उंदीर, गाढव मध्यम. कोल्हा आणि मेंढा म्हणजे ओढ. घोडा असला की पाऊस डोंगरावर. सोलापूरच्या दाते पंचांगासारख्या छापील पंचांगांमुळे आणि १९७३ पासून ‘कालनिर्णय’मुळे पंचांगातली ही माहिती घराघरांत पोचली आणि जोशाची गरज कमी झाली. मात्र या गणितात गावाला जागाच नाही. तीच बाकी, तेच वाहन महाबळेश्वरलाही आणि दौंडलाही. घोडा आला की पाऊस डोंगरावर, एवढाच काय तो भूगोल त्यात शिरलेला आहे, आणि या तालुक्यांना तो नेमका लागू पडतो!

पंचांगाला शेजारच्या खुणांची जोड असे. टिटवीने अंडी ओढ्याच्या पात्रात घातली की उंचवट्यावर, कावळ्याने घरटे शेंड्याला बांधले की आतल्या फांदीवर, मुंग्या अंडी घेऊन कुठे निघाल्या, पावशा कधी ओरडला, हे पाहिले जाई. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा शब्द त्यात वजनदार, कारण त्यांचे पाऊल पावसाच्या मागेच पडते. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीला फरांडेबाबांची भाकणूक आणि बुलढाण्यातल्या भेंडवळची अक्षय्य तृतीयेची घटमांडणी हे याच परंपरेचे गाजलेले नमुने. शिरूरने तर एका गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यालाही सुगीच्या श्रद्धेत ओढले. तिथल्या छावणीत १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसला लोक ‘सत्पुरुष’ मानत आणि सुगीला त्याच्या थडग्यावर नव्या धान्याचा नैवेद्य ठेवत. जिवंतपणी त्याने पावसाचा अंदाज कधी सांगितल्याचे कुठे दिसत नाही.

अंदाजाला पैशाची बाजूही होती. पेरणीच्या तोंडावर बियाणे आणि खावटी सावकाराकडून येई, आणि आभाळाचा रंग पाहून सावकार हात सैल किंवा आखडता करी. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडून दस्तऐवज जाळले, आणि दंग्याचे लोण शिरूर तालुक्यातही पसरले. कारणे कर्जाची, साऱ्याची आणि उतरलेल्या कापूसभावाची होती. पावसाने दंगा घडवला असे म्हणता येत नाही. पण तो उसळला तो मे महिन्यात, म्हणजे उधारीवाचून चाड्यावर मूठ धरता येत नाही अशा वेळी. पुढच्याच वर्षी पाऊस गेला आणि १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला. 

पाऊस मोजण्याची सुरुवात या भागात त्याआधीच झाली होती. कर्नल विल्यम साइक्स याने १८२४ पासून मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनभर फिरून तापमान, हवेचा दाब आणि पावसाच्या नोंदी ठेवल्या. त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये छापला. पुढे तालुक्याच्या कचेऱ्यांत पर्जन्यमापक बसले आणि मामलेदाराचा कारकून सकाळी आठच्या ठोक्याला पाणी मोजू लागला. भारतीय हवामान विभाग १८७५ चा, सुपे पेटले त्याच वर्षीचा. पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा ठोकताळा बसवला आणि ४ जून १८८६ रोजी पहिला रीतसर दीर्घकालीन अंदाज दिला. त्याच्यामागून आलेल्या जॉन इलियटचे अंदाज पुष्कळ विस्तृत असत. १८९९ साली त्याने चांगला पाऊस सांगितला आणि त्या शतकातल्या अत्यंत वाईट अवर्षणांपैकी एक पदरी पडले. नंतर काही वर्षे हे अंदाज जनतेपुढे मांडणेच थांबवण्यात आले. सरकारी अंदाजाचा पहिला मोठा फज्जा तो हाच.

त्याआधीच इथल्या भूगोलात एक फूट पडली होती. खडकवासल्याचे धरण आणि मुठेचा उजवा कालवा १८७० च्या दशकात झाला. कालव्याचे पाणी पाटसपर्यंत पोचले आणि वाटेतल्या तलावांत उतरू लागले. दौंडचा एक पट्टा तेव्हापासून ऊस लावू लागला. पुढे पाटसचा भीमा कारखाना याच उसावर उभा राहिला. शिरूरमध्ये चिंचणीचे घोड धरण, चासकमानचा कालवा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना हे सगळे स्वातंत्र्यानंतरचे. कालव्याखालच्या शेतकऱ्याचा पाऊस तेव्हापासून त्याच्या शिवारात पडेनासा झाला. तो पानशेत, वरसगावच्या डोंगरात पडू लागला. आपल्या रानावर ढग आला नाही तरी त्याला चालते, घाटात नाही आला तर चालत नाही. खोर, कुसेगाव, रोटी किंवा शिरूरकडचे पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई इथे मात्र जो वर दिसतो तोच पाऊस. एकाच तालुक्यात अंदाज ऐकणाऱ्यांचे असे दोन तट झाले, आणि कुठलाही अंदाज दोघांच्या कामाचा असणे अवघड होऊन बसले.

१९०४ मध्ये हवामान विभागाच्या प्रमुखपदी आलेल्या गिल्बर्ट वॉकरने जगभरच्या दाब आणि तापमानाच्या नोंदींतून सांख्यिकी सूत्रे काढली, आणि पॅसिफिकवरच्या हवेच्या हिंदोळ्याशी मोसमी पावसाचे नाते दाखवले. त्याच्या पद्धतीत देशाचे विभाग पडले, तरी सगळे द्वीपकल्प मिळून एक विभाग. १९२८ मध्ये हवामान विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीमुळे आजही चौकाला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय नंतर दिल्लीला गेले, हवामानाच्या अभ्यासाचे वजन मात्र पुण्यात राहिले. १९३२ मध्ये इथे कृषी हवामानशास्त्राची शाखा निघाली, १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाचे वृत्त प्रसृत होऊ लागले, १९५३ मध्ये पुणे आकाशवाणी सुरू झाली. देशाचा पाऊस जिथे ठरवला जातो ते ठिकाण दौंडहून रेल्वेने तास-दीड तासावर, ही जवळीक लोकांच्या थट्टेतही उतरली. वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवावी, हा विनोद रेडिओच्या काळापासून चालत आला आहे.

या भागावर विज्ञानाने एक मोठा प्रयोगही केला, आणि गावांना त्याची आठवण फारशी नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने १९७३ ते १९८६ दरम्यान अकरा पावसाळ्यांत, पुण्याच्या पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर, अहमदनगर-बारामतीच्या टापूत डाकोटा विमानातून ढगांवर मिठाची पूड फवारली. टापूचे दोन भाग आणि मधे मोकळा पट्टा ठेवून, रोज कोणत्या भागावर फवारायचे ते चिठ्ठीसारखे ठरवून, पाऊस ताडून पाहिला. सुमारे २४ टक्के वाढ झाल्याचा निष्कर्ष निघाला. तरी आकाशात ढगच नसतील तर मीठ कशावर टाकणार, ही अडचण तशीच राहिली.

१९८८ मध्ये शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या नेतृत्वाखाली मोसमी अंदाजाचे सोळा घटकांचे प्रारूप आले. आता देशाचा पाऊस टक्क्यांत सांगता येऊ लागला आणि पुढची बरीच वर्षे सरासरीचे भाकीत खरे ठरले. २००२ मध्ये १०१ टक्के सांगितलेला पाऊस ८१ टक्के झाला, जुलैत तर सरासरीच्या जवळजवळ निम्माच पाऊस पडला. दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली, एप्रिलमध्ये एक आणि पुढे सुधारित असे दोन टप्पे आले. ती चूक सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण शिरूर-दौंडला खरा धडा २००३ ने दिला. त्या साली देशाचा पाऊस अंदाजाप्रमाणे सामान्य झाला आणि मध्य महाराष्ट्राच्या पूर्व भागात दुष्काळ पडला. अंदाज चुकला नव्हता, तो या तालुक्यांसाठी दिलेलाच नव्हता. ९६ ते १०४ टक्के म्हणजे ‘सामान्य’, ही व्याख्या साऱ्या देशाच्या बेरजेची आहे. हवामान विभागाच्या ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागातही महाबळेश्वर आणि दौंड एकाच रकान्यात येतात. २०१८ आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने दुष्काळी तालुक्यांची यादी केली तेव्हा दोन्ही वेळा शिरूर आणि दौंड तिच्यात होते.

म्हणून इथला शेतकरी अंदाज ऐकतो, पण बियाण्याची सगळी पिशवी त्याच्या भरवशावर रिकामी करत नाही. एप्रिलचा आकडा आला की खत-बियाण्याची चौकशी होते, मृगाच्या आधी कोणी धूळवाफेवर थोडे टोबून पाहतो, बाकीचे वाफशाची वाट पाहतात. दुबार पेरणीचा खर्च ज्याने एकदा सोसला आहे तो दोन तुकड्यांत पेरतो. पंचांगही टाकलेले नसते आणि मोबाइलही. खासगी अंदाजकारांचे संदेश फिरत राहतात, आणि एखाद्याचा ढग खरा ठरला की पुढचा हंगामभर त्याचे नाव तोंडी असते. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे आल्यापासून आकड्यांवरून भांडणेही होऊ लागली आहेत, कारण फळपीक विम्याची भरपाई त्या केंद्राच्या नोंदीवर ठरते आणि वळवाचे ढग मंडळाची हद्द पाळत नाहीत.

२०२५ च्या मे महिन्याने जुने आडाखे उलटे केले. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि लगोलग महाराष्ट्रात पोचला. देशात १९०१ पासूनचा सर्वांत ओला मे ठरला. दौंड, बारामती, इंदापुरात २५ मेच्या आसपास मुसळधार पाऊस होऊन ओढे रस्त्यांवर आले. काढणीला आलेला आणि काढून ठेवलेला कांदा भिजला, मशागतीला उघडीप मिळेना. २६ मे रोजी सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या पुण्यातच घडलेल्या प्रारूपाची चौकट सहा किलोमीटरची आहे. हवामान विभाग आता पुण्याचा घाट आणि उरलेला पुणे जिल्हा यांच्यासाठी वेगळे इशारे देतो, तेव्हा पाबळचा माणूस दुसरा इशारा वाचतो. पाटस-वरवंडचा ऊसवाला पहिला वाचतो, आणि सोबत खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचे टक्के.