पृष्ठवंश-संधान : प्राचीन पाठ व अर्वाचीन फलविचार

कंबरेचे दोन वा अधिक मणके हाडाच्या कलमानें कायमचे एकजीव करण्याची जी शस्त्रक्रिया आज होते, तिचें मूळ सुश्रुतसंहितेंत शोधण्याचा मोह संस्कृतज्ञांस सहज होतो. सबब प्रथम मूळ पाठच पाहूं. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत भग्नचिकित्सा आली आहे. तींत मांडी किंवा पोटरी मोडलेल्या रोग्यास फळीवर निजवून, बंधनार्थ पांच खुंट्या मारून, अंग हलणार नाहीं असें बांधावयास सांगितलें असून श्रोणी, पृष्ठवंश, वक्ष व अक्षक यांनाही हाच विधि लाविला आहे. म्हणजे येथें स्थिरीकरण आहे. छेद घेऊन अस्थि रोवणें नाहीं. याहून अधिक अर्थ ओढणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

त्याच अध्यायाचा आरंभ मात्र प्रस्तुत विषयास फार मोलाचा आहे. अल्पाहारी, असंयमी, वातप्रकृति व उपद्रवांनीं ग्रासलेला अशा रोग्याचें भग्न कष्टानें सांधतें, असें तेथें म्हटलें आहे. पुढें वयाचा भेद सांगून, प्रथम वयांत एका मासांत स्थिर होणाऱ्या सांध्यास मध्यम वयांत दुप्पट व उतारवयांत तिप्पट काळ लागतो, असा हिशेबही दिला आहे. बांधणी कोणती याइतकाच रोगी कोणता हा प्रश्न ग्रंथकारास महत्त्वाचा वाटला, हें उघड आहे.

आतां खऱ्या संधानक्रियेचा काल. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनच्या हाड्रा यानें मानेचे मोडलेले मणके तारेनें बांधल्याचें १८९१ त प्रसिद्ध केलें; परंतु ती बांधणी होय, संधान नव्हे. संधानाचा अग्रमान न्यूयॉर्कच्या दोघांस देतात. रसेल हिब्स यानें मणक्यांचेच अस्थिभाग मोडून शेजारच्या मणक्यांशीं भिडविले. फ्रेड आल्बी यानें नडगीच्या हाडाची पट्टी काढून कण्यांत बसविली. हिब्सचा लेख मे १९११ चा, आल्बीचा सप्टेंबर १९११ चा. तेव्हां लेखांच्या तारखा प्रमाण मानल्यास मान हिब्सकडे जातो. दोघांचाही रोख मणक्यांच्या क्षयावर होता, कंबरदुखीवर नव्हे. १९४३ त स्ट्रेप्टोमायसीन सांपडून पुढें क्षयास औषधें मिळालीं. क्रिया मात्र राहिली, आणि घसरलेला मणका व जुनाट कंबरदुखी यांकडे अधिकाधिक वळली.

येथून फलाचा प्रश्न बिकट होतो. १९८६ त अमेरिकेंत ५० धूम्रपान करणारे व ५० न करणारे अशा शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. पहिल्यांपैकीं शेंकडा ४० जणांचीं हाडें जुळलीं नव्हतीं, दुसऱ्यांपैकीं शेंकडा ८ जणांचीं. सुश्रुताच्या ‘असंयमी’ या पदावर भाष्य लिहिणारास याहून बोलका दाखला मिळणें कठीण. अर्थात् तंबाखू ग्रंथकारास ठाऊक नव्हती.

परंतु हाड जुळणें व दुखणें थांबणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. फाटलेलें पान डकविल्यानें पाठ शुद्ध होत नाहीं, हें पोथीसंग्राहकांस सांगावयास नको. स्वीडनमध्यें २९४ रोग्यांस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें गटांत वांटून जी परीक्षा झाली, तिचा निकाल २००१ त आला : दोन वर्षांनीं शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ६३ जणांनीं बरें वाटतें असें सांगितलें, इतरांपैकीं शेंकडा २९ जणांनीं. २००२ त त्यांतीलच तीन शस्त्रपद्धतींची तुलना छापली गेली. सर्वांत साध्या पद्धतींत हाडें शेंकडा ७२, सर्वांत अवघड पद्धतींत शेंकडा ९१ रोग्यांत जुळलीं. पण वेदनाशमनांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं, उपद्रव मात्र पद्धतीच्या अवघडपणाबरोबर वाढले.

ब्रिटनमधील ३४९ रोग्यांच्या २००५ सालच्या परीक्षेंत तर शस्त्रक्रियेची सरशी अगदीं अल्प ठरली. स्वीडनमधील तुलनागटास नेहमींचे साधे व्यायामोपचार मिळाले होते. ब्रिटनमधील गटाकडून तीन आठवड्यांत सुमारें ७५ तास कसून व्यायाम करवून घेतला, आणि दुखण्याचें भयही समजावून घालविण्याचा यत्न झाला. दोन निकालांतील तफावतीचें बरेंचसें कारण आमच्या मतें येथें आहे.