काळ्या दोऱ्यावरचा आळ

मागे मंडळासाठी मी निळ्या अभ्र्यावर काळ्या दोऱ्याने मोर भरावयास घेतला. पिसारा अर्धा झाला नाही तोच दोरा तांबूस, विटका दिसू लागला. तडक हिंगोलीच्या बाजारात गेले आणि चार गिऱ्हाइकांदेखत दुकानदारांना "कच्चा रंग विकता" म्हणून बोलले. बिचाऱ्यांनी मुकाट्याने पैसे परत केले.

पुढे मुलीच्या चित्रकलेच्या पुस्तकात रंगचक्र पाहिले, त्यावरून अधिक वाचले, तो हुबेहूब माझीच गोष्ट सापडली! पॅरिसला गोबेलँ नावाचा, भिंतीवर लावावयाची चित्रवस्त्रे विणणारा जुना कारखाना आहे. १८२४ साली मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ तेथे रंगखात्याचे प्रमुख झाले. निळ्या-जांभळ्या भागांतील छायेसाठी वापरलेला काळा रंग फिका उतरतो, अशी तेथे ओरड होती. शेव्रलनी इतर ठिकाणची नावाजलेली काळी लोकर आणवून ताडून पाहिली. कारखान्याचा काळा काही कमी नव्हता. खोड होती शेजारच्या निळ्याची. निळा पाहताना आपला डोळा त्याच्या शेजाऱ्यावर नकळत नारिंगी झाक चढवतो! १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ काढला. त्यांच्या चक्रात ७२ छटा आहेत. न्यूटनने १७०४ साली वर्तुळात सातच रंग मांडले होते.

चक्र वापरावयास सोपे. लालासमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा, निळ्यासमोर नारिंगी. समोरासमोरचे जवळ आणले की दोन्ही उठून दिसतात. लगतचे घेतले की शांत वाटते. हिरव्या लुगड्याला तांबडे काठ खुलतात ते यामुळेच. हे आपल्या आजीला कोणी शिकवले होते? पैठणच्या विणकरांनी तर उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछाव साधली. पदर हलला की रंग पालटतो. कागदावरच्या चक्रात ती कोठे दाखवणार?

मी मोर उसवला. निघालेला दोरा पांढऱ्या कापडावर ठेवला, तर काजळासारखा काळा!

पुढच्या बाजाराला दुकानात गर्दी होईपर्यंत थांबले, आणि सर्वांदेखत सांगितले की दोरा पक्का होता, चूक माझी. परत घेतलेले पैसे पुढे ठेवले. दुकानदारांनी ते मोजलेही नाहीत. फळीवरून नारिंगी दोऱ्याची गुंडी काढून म्हणाले, "ताई, निळ्यावर हा भरून बघा."