पहिल्या वर्षाची भाकरी

जून हा कॉलेजे उघडण्याचा महिना आणि समुद्र खवळण्याचाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, पण आजच्या रायगडात, म्हणजे १९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्यात, कॉलेज यायला शंभरेक वर्षे लागली. तोवर रेवस, मुरूड, श्रीवर्धनकडच्या मुलाला शिकायचे तर मुंबई किंवा पुणे गाठावेच लागे, आणि एकदा पाऊस धरला की गणपतीपर्यंत घर लांब पडे. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी बहुतेक बंद असत. ज्या चालत त्यांचा भरवसा नसे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. कॉलेजचे पहिले वर्ष, ज्याला तेव्हा प्रीव्हियस म्हणत, या मुलांसाठी अशा तुटलेपणातच सुरू होई. त्या वर्षात कोण टिकला हे वर्गातल्या हुशारीपेक्षा संध्याकाळचे जेवण, रात्रीची पथारी आणि ओळखीचे एक माणूस यांवर ठरत आले, असे या किनाऱ्याचा इतिहास पाहता मला ठामपणे वाटते.

मुंबईत हा आधार कॉलेजने दिला नाही, गावाने दिला. गिरगाव, लालबाग, माझगाव भागातल्या चाळींत कोकणातल्या गावांच्या सामाईक खोल्या असत, गावकीच्या खोल्या. भिंतीला लागून एकावर एक ट्रंका, त्यावर गुंडाळलेल्या वळकट्या, दोरीवर कपडे, आणि भाडे सगळ्यांत वाटलेले. रात्रपाळीचा गडी गिरणीत गेला की त्याची जागा मोकळी होई. उकाड्यात काहीजण गॅलरीत पडत. जेवण खानावळीत. गावाकडून आलेला पोरगा अशा खोलीत शिरला की कोणाचा तरी पुतण्या, कोणाचा तरी भाचा ठरे. ट्राम कुठून पकडायची आणि कुठल्या दुकानी वह्या स्वस्त मिळतात, हे त्याला तिथेच कळे. आज विद्यापीठे ज्याला मार्गदर्शन म्हणतात त्याचा बराचसा भाग हाच आहे. पुण्यात वार लावून जेवण्याची रीत होती. सात दिवसांची सात घरे ठरवायची, आणि एखाद्या घरी सुतक आले की तो वार रिकामा. उपकाराचे ओझे आणि अर्धी भूक सोसून मुले त्यावर शिकली.

या व्यवस्थेचे गोडवे गाऊ नयेत, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. वार ब्राह्मण घरांत ब्राह्मण मुलालाच मिळत. गावकीची खोलीही गावातली जात सोबत घेऊनच मुंबईला आली होती. ज्या महाडात २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथल्या दलित मुलाला परक्या शहरात कोण पान वाढणार होते? म्हणूनच शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. शिकवायला शाळा-कॉलेजे होतीच. कमी होती ती राहण्याजेवण्याची सोय, हे या लोकांनी अचूक हेरले. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने वर्ग सकाळी ठेवले, कारण विद्यार्थ्याला दिवसा नोकरी करायची होती. विद्यार्थ्याने कॉलेजच्या वेळेत बसायचे, ही तोवरची रीत. इथे कॉलेजने आपली वेळ विद्यार्थ्याच्या दिवसात बसवली. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या आधाराचा आपल्याकडचा हा सर्वांत शहाणा निर्णय होता. त्याच सोसायटीचे कॉलेज १९६१ मध्ये महाडला आले आणि त्या तालुक्यातल्या कित्येक मुलांचा घर सोडण्याचा प्रश्नच मिटला.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: कष्टानेच माणूस घडतो, लाड कशाला? त्यासाठी चिंतामणराव देशमुखांचे नाव घेतले जाते. १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला, रोह्यात वाढलेला हा मुलगा १९१२ च्या मॅट्रिकला विद्यापीठात पहिला आला, पुढे केंब्रिजला गेला, आयसीएस झाला. बुद्धी असामान्य होती यात वादच नाही. पण वडील रोह्याला वकील होते आणि मॅट्रिकच्या यशाबरोबर जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आली, हे सांगताना आपण आवाज खाली आणतो. आधार मिळाला म्हणून त्यांचे कर्तृत्व उणे होत नाही. त्या बुद्धीला भुकेशी झगडण्यात वर्ष घालवावे लागले नाही, एवढेच. शिवाय कष्टाची कहाणी सांगायला जो टिकला तोच उरतो. प्रीव्हियसला नापास होऊन ट्रंक उचलून परतलेल्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

१९८९ साली माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावरच्या लोणेऱ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे राहिले. पूर्वी इथली मुले बाहेर जात. आता राज्याच्या कानाकोपऱ्यातली मुले इथल्या पावसात येऊन उतरतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलापुढे इंग्रजीतले गणित आणि परकी बोली एकाच आठवड्यात उभी राहतात. तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ पासून नव्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा प्रवेशकालीन कार्यक्रम आखून दिला, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ आणला. दोन्ही हवेत. पण विद्यापीठाचे काम शिकवणे, जेवूखाऊ घालणे नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी गावकीच्या खोलीकडे पाहावे: तिथे सल्ला आणि पथारी वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळत नव्हती. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची स्वाधार योजना आहे, तिचा हेतू अगदी योग्य आहे. पैसे उशिरा हाती पडतात ही मात्र मुलांची जुनी तक्रार आहे. गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया पगार होईपर्यंत वहीत उधारी मांडून थांबत, आणि गावच्या पोराचे ताट काकाच्या खात्यावर चढे. मेसची अनामत मात्र पहिल्याच आठवड्यात भरावी लागते.