श्रम, शिक्षा आणि विश्वास

बंदिवानाला कामास जुंपावे, ही कल्पना फार जुनी आहे. ते काम कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मात्र सर्वांनी सारखे दिलेले नाही. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगासाठी पायचक्की सिद्ध केली. कैद्यांनी फिरत्या पायऱ्या तासन्‌तास चढत राहावयाचे! कित्येक ठिकाणी त्या चक्कीत दाणाही दळला जात नसे. श्रमातून अर्थ काढून घेतला की उरते ती केवळ यातना.

त्यापूर्वी शतकभर आधी रोममध्ये निराळा विचार झाला होता. पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७०३ साली टायबर नदीकाठच्या सान मिकेले या धर्मादाय संस्थेत वीस वर्षांखालील गुन्हेगार मुलांसाठी सुधारगृह स्थापिले. वास्तुकार कार्लो फोंताना यांनी मधोमध प्रशस्त दालन व बाजूंस ६० खोल्या अशी त्याची रचना केली. मुले रात्री एकेकटी राहत आणि दिवसा दालनात एकत्र बसून सूत कातीत. दुर्जनांना शिक्षेने आवरणे पुरेसे नव्हे, शिस्तीने त्यांना सज्जन करावयास हवे, अशा आशयाचा लॅटिन लेख तेथे कोरलेला होता. विचार थोर खरा. तथापि कातणाऱ्या त्या मुलांच्या पायांत साखळदंड होते, हेही विसरता येत नाही. काम आले होते, विश्वास अद्याप यावयाचा होता.

तो आपल्या मातीत रुजला. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची प्रेरणा आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा पाठिंबा यांतून हे धाडस घडले. बंदिवानांनी येथे तटाविना राहावयाचे, शेत पिकवावयाचे. याच प्रयोगावरून स्फुरलेली ग. दि. माडगूळकरांची कथा घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. पुढील वर्षी बर्लिनच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेनेही त्याचा गौरव केला.

बी पेरणाऱ्याला पीक हाती येईतो थांबावे लागते. पळून जाण्याची वाट मोकळी असताना जो थांबतो, त्याच्यात काही पालटले आहे, असे मानावयास हरकत नाही. पण शिक्षा भोगून परतलेला माणूस उद्या आपल्याच दारी काम मागू लागला, तर? तट तुरुंगाने पाडले, तरी आपल्या मनातले पाडणे आपल्याच हाती आहे.