यमुना नावाच्या दोन मुली

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. पत्रिका, हॉलचं भाडं वगैरे बोलून झाल्यावर म्हणाली, "गुरुजी विचारतायत, नाव बदलायचंय का?" ताटातल्या तांदळात नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, त्याबद्दल. मी "नको" म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर मात्र दोन यमुना डोक्यातून जाईनात.

पहिली कल्याणची, जन्म १८६५. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या पोस्टातल्या विधुराशी लग्न झालं आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळरावांना बायको शिकायलाच हवी होती. अभ्यासात कुचराई झाली की मारायचेसुद्धा. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. १८८३ मध्ये ती एकटी अमेरिकेला निघाली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी पुण्यात वारली. पुढचं आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतं. 'यमुना' मात्र पहिल्या ओळीतच संपते.

दुसरी यमुना कुर्लेकर, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याची. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी तिचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. ते एकतिशीचे, नुकतीच पहिली बायको गेलेली. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणारा हा माणूस घरी वडिलांपुढे नमला आणि त्याने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. समाज माणसाला घडवतो म्हणतात, तेव्हा मला आधी रानडेच आठवतात. इतकं वाचलेला, तरी कुणाचा तरी मुलगाच!

यमुनेची रमा झाली आणि एकाच घरात तिच्या दोन शाळा सुरू झाल्या. रानडे तिला मराठी, मग इंग्रजी शिकवायचे. घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिला दुसरंच शिकवायच्या: खाली बघ, पुस्तक लपव, पुरुषांसारखी मिरवू नकोस. टोमणे, अबोला, सगळं झालं. या बायकांना खलनायिका ठरवणं सोपं आहे. पण त्याही कधीतरी कुठल्याशा नावाने सासरी आल्या असतील, आणि टिकायचं कसं हे जे त्यांना ठाऊक होतं तेच पुढे देत होत्या.

रानडे १९०१ मध्ये गेले. १९१० मध्ये रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं. आधी शीर्षकातलं 'आमच्या' बघा. मग आत जा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून त्या रानड्यांसाठी 'स्वतः' हा शब्द वापरतात. पहिल्यांदा वाचताना मी गोंधळले होते. 'स्वतः'ने काही म्हटलं की मला वाटायचं, बाई आपल्याबद्दल बोलतायत. इंग्रजी भाषांतराचं तर नावच 'हिमसेल्फ' आहे.

यावर चिडायला मला आवडलं असतं. पण हीच बाई १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं करते, तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाते, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी झगडते. हे करणारी कोण, यमुना, रमा की 'स्वतः'ने घडवलेली कुणी? १९०२ मध्ये चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने लिहिलं, की आपण स्वतःला इतरांच्या नजरेच्या आरशात बघत घडतो. रमाबाईंकडे असे दोन आरसे होते, आणि दोन्हींत दिसणाऱ्या बायका एकमेकींशी जुळत नव्हत्या. मला वाटतं, त्या फटीतच थोडी जागा मिळाली असेल त्यांना. आनंदीबाईंना असा काळ मिळालाच नाही. एकविसाव्या वर्षीच त्या गेल्या.

परवा आजीला विचारलं, तुझं नाव बदललं तेव्हा कसं वाटलं होतं? तिला प्रश्नच विचित्र वाटला. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "सहा महिने हाक आली की मी मागे वळून बघायचे, कुणाला बोलावतायत म्हणून."

"आणि मग?"

"मग सवय झाली." थोडं थांबून तिनेच विचारलं, "तू काय ठेवतेयस गं नाव?"