अडगावला कोण नव्हते?

जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला पूर्णेचे काळ्या मातीचे सपाट खोरे. वायव्येला बऱ्हाणपूर आणि असीरगड, पूर्वेला नरनाळा आणि त्यापुढे गाविलगड. मुघल काळात नरनाळा सरकारातला परगणा असलेले हे गाव अशा पट्ट्यात वसले आहे, जिथे फौजांची ये-जा नवी नव्हती. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच पट्ट्यात, आजच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावजवळ, इंग्रज आणि मराठे समोरासमोर उभे राहिले. इतिहासाच्या पुस्तकांत दोन महिने आधीच्या असईच्या लढाईला पाने मिळतात आणि अडगावला दोन ओळी. पण ऐन रणात डाव ओळखून हुकूम देणारा अधिकारी फौजेला किती लागतो, हे अडगावइतके दुसरीकडे क्वचितच दिसते.

मराठ्यांकडे ही विद्या नव्हती असे मुळीच नाही. नोव्हेंबर १७२७ मध्ये पहिला बाजीराव याच मुलखात होता. जालना, सिंदखेड लुटून तो वाशीम, मंगरूळपर्यंत आला, मग बऱ्हाणपूर जाळणार अशी हूल उठवली आणि स्वतः खानदेशातून गुजरातेत उतरला. निजामाने पुण्याकडे मोर्चा वळवला, तेव्हा बाजीराव परत फिरला. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडला त्याने निजामाची रसद तोडली, पाणी तोडले आणि त्याला तहाला आणले. मोठी लढाई झालीच नाही. फौज कुठे दाखवायची आणि कुठे न्यायची, हे ठरवणारा सेनापती स्वतः घोड्यावर होता.

पुढे युद्ध बदलले. कवायती पायदळ आणि तोफखाना यांचे दिवस आले. फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी उदगीरला आणि पानिपतावर मराठ्यांकडून लढला. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन या सेनानीला चाकरीत घेतले आणि कवायती पलटणींचे कंपू उभे राहिले. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे या कंपूंनी राजपुतांचा पराभव केला. महादजींची दूरदृष्टी खरीच मोठी. पण पलटणी हिंदी, पैसा मराठ्यांचा आणि हुकूम देणारे बहुतेक अंमलदार मात्र परके, ही व्यवस्था तशीच राहिली. त्यांच्या जागा घेतील असे आपले अधिकारी घडवायचे काम मागे पडले, आणि त्याची किंमत मोठी होती.

२३ सप्टेंबर १८०३ ला असईत या कवायतीची ताकद दिसली. कैलना नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे पाहून इंग्रज सेनापती वेलस्लीने ओळखले की मध्ये उतार असणारच. त्या उतारावरून तो मराठ्यांच्या बगलेवर आला. तेव्हा शिंद्यांच्या कंपूचा प्रमुख, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा पोलमन, याने हजारो शिपायांची आघाडी काटकोनात फिरवून त्याच्यासमोर आणली. असा पालट भर लढाईत करणे म्हणजे वर्षानुवर्षांच्या तालमीचे काम. वेलस्ली जिंकला, पण त्याची माणसेही फार पडली.

दोन महिन्यांत चित्र पालटले. गव्हर्नर जनरलने शिंद्यांच्या युरोपीय अंमलदारांना चाकरी सोडण्याचे आवाहन केले होते. उत्तरेतल्या कंपूंचा फ्रेंच सेनापती पेराँ सप्टेंबरातच इंग्रजांकडे निघून गेला. ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले, तेव्हा तिथेही काही अंमलदार त्याच्या स्वाधीन झाले. अडगावला शिंद्यांचे आले ते घोडदळ. पायदळ आणि तोफा होत्या नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या, आणि सेनापती होते रघूजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू.

त्या दिवशी वेलस्लीचे शिपाई लांबच्या कूचने थकले होते. दुपार कलल्यावर त्याने चाल केली. सिरसोली गावाजवळून पलटणी पुढे सरकत होत्या, तोच भोसल्यांच्या तोफा धडाडल्या. गाड्यांचे बैल उधळले आणि असईत छातीचा कोट करून उभ्या राहिलेल्या काही पलटणी इथे पाठ फिरवून पळू लागल्या. वेलस्ली जवळच होता म्हणून निभावले. त्याने शिपायांना गावाच्या आडोशाला थांबवले, रांगा लावून घेतल्या आणि स्वतः पुन्हा पुढे नेले. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे त्यानेच नंतर लिहिले.

आणि समोर? गोलंदाजांनी आपले काम चोख केले होते. इंग्रजांची फळी फुटली होती. त्या घटकेला घोडदळ सोडण्याचा हुकूम झाला असता तर काय घडले असते, हा विचार मनातून जात नाही. तो हुकूम झाला नाही. नंतर सुमारे पाचशे अरबांनी इंग्रजांच्या ७४ व्या आणि ७८ व्या रेजिमेंटवर झेप घेतली आणि ते कापले गेले. शिंद्यांचे घोडदळ एका पलटणीवर चालून गेले आणि मागे हटले. शौर्य तुकड्यातुकड्यांनी खर्ची पडले, त्या तुकड्यांना एका वेळी एका जागी लावणारे कोणी नव्हते. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या आणि चांदण्यात पाठलाग चालू राहिला.

मन्याबापूंची फौज गाविलगडाकडे हटली. स्टीव्हन्सनने अवजड तोफा डोंगरातून ओढत गडाच्या उत्तरेला नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरचा तट पडला, पण आतला कोट उभा होता. कॅप्टन कॅम्पबेल ९४ व्या रेजिमेंटच्या हलक्या कंपनीसह शिड्या लावून त्यावर चढला आणि त्याच्या माणसांनी दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडच्या वऱ्हाडावरचा हक्क भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाकडे गेला. नरनाळा आणि गाविलगड तेवढे भोसल्यांकडे राहिले. तहात आणखी एक कलम होते: इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय सत्तेचा माणूस भोसल्यांनी यापुढे चाकरीत ठेवायचा नाही.