टाकीवरचा रंग

नागपुराहून कामठीकडे जाताना मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्या न्याहाळण्याची एक खोड आम्हाला जडली आहे. कामठी हे 1821 पासूनचे छावणीचे गाव. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर तिथेच आहे. त्यामुळे सैनिक असलेला आणि सैनिकाचा रंग मिरवणारा असे दोन्ही स्वार या रस्त्यावर एकाच सिग्नलला शेजारी उभे राहतात. गंमत अशी, की वाळूच्या रंगाची, टाकीवर लष्करी वळणाचा क्रमांक छापलेली गाडी बहुधा नागरिकाची निघते. खरा जवान कँटीनमधून घेतलेल्या साध्या काळ्या गाडीवर असतो. चिन्ह एकाचे आणि ते धारण करणारा दुसराच, ही साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेली विसंगती येथे लोखंडात उतरलेली दिसते.

अमेरिकेत या प्रकाराची सुरुवात वेगळ्या अंगाने झाली. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने अग्निशामकांसाठी, पोलिसांसाठी आणि ‘श्राइनर्स’ या बंधुसंघासाठी खास आवृत्त्या काढल्या. श्राइनर्स म्हणजे 1872 साली न्यूयॉर्कमध्ये फ्रीमेसन मंडळींनी स्थापिलेला, लाल तुर्की टोपी घालून मिरवणुका काढणारा आणि मुलांची रुग्णालये चालवणारा संघ. या गाड्यांवरचे बिल्ले सभासदत्वाचे निदर्शक होते. गाडी घेणारा त्या सेवेतला वा संघातला असावा, हीच त्यामागची कल्पना. चिन्ह आधी कमवायचे, मग विकत घ्यायचे.

आपल्याकडे हा क्रम उलटला. रॉयल एन्फील्डची बुलेट 1950 च्या दशकात सीमेवरील गस्तीसाठी भारतीय लष्कराने मागवली, 1955 मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली, आणि तेव्हापासून या गाडीची पुण्याई लष्करी आहे. त्याच पुण्याईवर ऑगस्ट 2018 मध्ये ‘क्लासिक 350’ची ‘सिग्नल्स’ आवृत्ती आली. 1911 साली स्थापन झालेल्या कोअर ऑफ सिग्नल्सशी तिने आपले नाते सांगितले. याच कोअरचे मोटारसायकलवरील कसरती करणारे ‘डेअरडेव्हिल्स’ पथक 1935 पासूनचे, जबलपूरचे. आणि 1956 पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी आमचे नागपूर. पण ही गाडी घेण्यासाठी सिग्नल्समध्ये चाकरी केलेली असण्याची अट नव्हती. पैसे मोजणाऱ्या कोणालाही ती मिळे. 2021 मध्ये 1971 च्या विजयाला पन्नास वर्षे होत असता जावा कंपनीने खाकी रंगाची, टाकीवर लष्कराचे बोधचिन्ह असलेली गाडी आणली, तीही सर्वांसाठीच.

अशा विक्रीला कायद्याने मात्र एके ठिकाणी लगाम घातला आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 121 वा नियम सांगतो, की संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणतेही वाहन ऑलिव्ह हिरव्या रंगाने रंगवू नये. या नियमाची गाठ 2018 मध्ये ‘पेगॅसस’ आवृत्तीशी पडली. जगभरासाठी एक हजार गाड्या, त्यांतल्या अडीचशे भारतासाठी. रंग दोन, तपकिरी आणि ऑलिव्ह हिरवा. भारतात तपकिरीच आली. ग्रीक पुराणातला पंखांचा घोडा हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई सैन्याचे बोधचिन्ह. ज्या 125 सीसीच्या ‘फ्लाइंग फ्ली’च्या, म्हणजे उडत्या पिसवेच्या, स्मरणार्थ ही आवृत्ती निघाली, ती गाडी पॅराशूटने रणभूमीवर उतरवली जाई. (तिचा मूळ आराखडा जर्मन डीकेडब्ल्यूचा. नाझी राजवटीने ज्यू मालकांच्या डच विक्रेत्याचा पुरवठा तोडला, आणि त्या विक्रेत्याने एन्फील्डकडून तशीच गाडी करवून घेतली. शत्रूच्या आराखड्यावर बेतलेली गाडी शत्रूवरच उतरवली जावी, हा काव्यगत न्याय कोणा कादंबरीकाराला सुचता तर आम्ही त्याला बटबटीत म्हटले असते.)

सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण मात्र वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचे नाव वागवणाऱ्या उद्योगाचे आहे. आयएनएस विक्रांत 1961 मध्ये नौदलात दाखल झाली. 1971 मध्ये तिच्यावरील विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. 1997 मध्ये ती निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत तिचे संग्रहालय होते. ते टिकवणे सरकारला झेपले नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये भंगारविक्रीविरुद्धची याचिका फेटाळली आणि दारूखान्यात जहाज मोडले गेले. त्या पोलादाचा काही भाग बजाजने घेतला आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ‘व्ही’ ही मोटारसायकल जाहीर केली. जाहिरातीने लोक हेलावले, यात आम्हाला खोटेपणा दिसत नाही. पण जे स्मारक सार्वजनिक राहू शकले नाही ते असे तुकड्यातुकड्याने खाजगी झाले, हेही विसरता येत नाही. पुढे काही वर्षांतच त्या गाडीचे उत्पादनही थांबले.

आणि अग्निशामक? देशाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये रामपूरला सुरू होऊन पुढच्याच वर्षी नागपूरला आले. देशभरातले अधिकारी येथे शिकून जातात. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात 66 अग्निशामक गेले. त्या दिवशी दरवर्षी अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्यांच्या लाल रंगावर कोणत्याही नियमाने हक्क राखून ठेवलेला नाही. कामठी रस्त्यावर लाल टाक्या भरपूर दिसतात. त्यांतली एकही त्यांच्या नावाची नसते.